कण्याचे दोर

आईच्या साड्या जमिनीला लागू लागल्या, तेव्हा त्याचा अर्थ आमच्यापैकी कुणीच लावला नाही. निऱ्या दोन बोटं जास्त खोचायच्या, हा उपाय तिनं तिच्यापुरता शोधून काढला होता. मग फळीवरचा पोह्यांचा डबा तिच्या हाताला येईना. तो आम्ही एक फळी खाली आणून ठेवला. एका सकाळी बादलीतल्या ओल्या चादरी उचलताना तिच्या पाठीत चमक निघाली आणि घरानं ‘उसण भरली’ असं निदान करून टाकलं. शेक, मलम, वेदनाशामक गोळ्या आणि तीन आठवडे अंथरूण. पुढे खोकला हटेना म्हणून छातीचे दोन एक्स-रे काढले, एक समोरून आणि एक बाजूनं. अहवालात फुप्फुसं स्वच्छ असल्याचं लिहिलं होतं. वर्षभरानं पाठ पुन्हा धरली तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी तीच जुनी फिल्म प्रकाशासमोर धरली आणि छातीच्या भागातल्या शेवटच्या मणक्यावर बोट ठेवलं. पुढच्या बाजूनं तो चेपून पाचरीसारखा झाला होता. मोडलेला मणका वर्षभर आमच्या कपाटात, खाकी पाकिटात पडून होता.

आईची गोष्ट अपवाद असती तर हा लेख लिहिला नसता. अस्थिसुषिरतेमुळे, म्हणजे ज्याला आपण हाडं ठिसूळ होणं म्हणतो त्यामुळे होणारे मणक्याचे भंग असेच नजरेआड राहतात. तीनपैकी साधारण दोन भंगांचं निदान वेळच्या वेळी होतच नाही. हाताचं हाड मोडलं की हात लटकतो, सूज येते, प्लास्टर घालावं लागतं. मणक्याचे असे दोन तुकडे पडत नाहीत. त्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी हाडाची नाजूक जाळी असते. वयानुसार तिचे आडवे धागे तुटत जातात, उभे धागे आधाराविना उरतात, आणि एखाद्या दिवशी मणका पत्र्याच्या डब्यासारखा चेपतो. त्यासाठी पडावं लागतंच असं नाही. वाकून गादी उचलणं, नातवाला कडेवर घेणं, जोराची शिंक, बसच्या मागच्या सीटवर बसलेलं असताना गतिरोधकाचा दणका, एवढं पुरतं. चेपलेला मणका पुन्हा उंच होत नाही.

एक्स-रेवर हे भंग ओळखायची पद्धत हॅरी जेनंट यांनी १९९३ मध्ये घालून दिली. मणक्याची उंची पाचव्या हिश्श्यानं घटली की तो भंग धरायचा. २५ टक्क्यांवर गेली की मध्यम, ४० च्या वर गेली की तीव्र. पद्धत सोपी आहे, पण बघणाऱ्याची नजर तिकडे जायला हवी. २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, इतर कारणांनी रुग्णालयात दाखल झालेल्या ९३४ वयस्क स्त्रियांचे छातीचे एक्स-रे पुन्हा तपासले गेले. १३२ जणींच्या मणक्यांत मध्यम किंवा तीव्र भंग सापडले. मूळ अहवालांत त्यांतल्या निम्म्यांचीच नोंद होती, आणि घरी सोडताना दिलेल्या कागदावर हे निदान लिहिलेलं होतं फक्त १७ जणींच्या. आपल्याकडचं चित्र वेगळं असण्याचं कारण नाही. दिल्लीत पन्नाशीपुढच्या आठशेहून अधिक स्त्रीपुरुषांचा अभ्यास झाला, त्यात सुमारे १८ टक्के लोकांच्या मणक्यांत भंग आढळले, आणि पुरुषांचं प्रमाण स्त्रियांपेक्षा कमी नव्हतं. हाडं ठिसूळ होणं हा बायकांचा आजार, ही समजूत मणक्यापुरती तरी सोडून द्यायला हवी.

हे वेळेवर कळण्याला इतकं महत्त्व का, याचं उत्तर २००१ च्या एका आकड्यात आहे. औषधांच्या मोठ्या चाचण्यांमधल्या स्त्रियांची माहिती एकत्र केल्यावर दिसलं की ज्यांचा एक मणका नव्यानं चेपला, त्यांच्यापैकी जवळजवळ पाचवीला पुढच्या एका वर्षात दुसरा भंग झाला. पहिला चेपलेला मणका हा पुढच्या भंगाची सूचना देत असतो, आणि ती सूचना फार लवकरची असते. आईची ती सूचना आम्ही कपाटात ठेवली होती.

आता प्रश्नाची दुसरी बाजू. अस्थिसुषिरतेची मोजण्याजोगी व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ मध्ये केली: हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीतला टी-स्कोर उणे २.५ किंवा त्याखाली. तेव्हापासून या आजाराला यंत्र मिळालं, औषधं मिळाली, तज्ज्ञ मिळाले. वयानुसार होणाऱ्या स्नायूंच्या झिजेला मात्र १९८९ पर्यंत नावही नव्हतं. त्या वर्षी आयर्विन रोझेनबर्ग यांनी मांस आणि उणीव या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून ‘सार्कोपेनिया’ हा शब्द सुचवला. त्याला आजार म्हणून स्वतंत्र सांकेतिक क्रमांक अमेरिकेत मिळाला तो २०१६ मध्ये. परिणाम असा की हाडांसाठी ऑर्थोपेडिककडे जायचं, संप्रेरकांसाठी एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे. स्नायूंसाठी कुणाकडे जायचं हे रुग्णालयाच्या पाटीवर लिहिलेलं नसतं. आईचा टी-स्कोर आम्हाला तोंडपाठ होता. तिच्या मुठीत, मांडीत, पाठीत किती बळ उरलंय हे कुणी मोजलं नव्हतं, आणि ते मोजता येतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

सुरुवातीला संशोधकांचं लक्ष स्नायूंच्या वजनाकडे होतं. ते हळूहळू बळाकडे वळलं, आणि माझ्या मते या क्षेत्रातली ही सर्वांत उपयोगी दुरुस्ती आहे. सत्तरीतल्या अमेरिकन लोकांवरच्या एका मोठ्या अभ्यासात पायांचे स्नायू वर्षाला सुमारे एक टक्क्यानं घटताना दिसले, पण बळ त्याच्या तिप्पट वेगानं घटत होतं. मांस उरतं, पण त्यात चरबीचे पदर शिरतात. झटक्यात आकसणारे जलद तंतू आधी जातात. त्यांना हुकूम देणारे मज्जातंतू कमी होतात. म्हणून दंडाच्या जाडीवरून किंवा वजनकाट्यावरून काही ठरवता येत नाही. भरल्या अंगाची बाई आतून दुबळी असू शकते. आशियाई तज्ज्ञांच्या गटानं २०१९ मध्ये आपल्या बांध्याच्या लोकांसाठी मर्यादा ठरवल्या: मुठीची पकड पुरुषांत २८ किलोंपेक्षा, स्त्रियांत १८ किलोंपेक्षा कमी, किंवा हात छातीवर दुमडून खुर्चीतून पाच वेळा उठून बसायला १२ सेकंद किंवा जास्त वेळ. दुसऱ्या चाचणीला खुर्ची आणि घड्याळ सोडून काही लागत नाही.

या प्रश्नाला महाराष्ट्राशी जोडणारे दोन धागे आहेत. मुंबईत देवनारला असलेल्या लोकसंख्या विज्ञान संस्थेनं देशभरातल्या ४५ वर्षांपुढच्या सत्तर हजारांहून अधिक लोकांचा वार्धक्याविषयीचा अभ्यास हाती घेतला. २०१७-१८ च्या त्याच्या पहिल्या फेरीत घरोघरी जाऊन लोकांच्या मुठीची पकड यंत्रानं मोजली गेली. भारतीय म्हाताऱ्यांच्या बळाची इतकी मोठी नोंद आधी नव्हती. दुसरा धागा पुण्याचा. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूनं १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांमधल्या गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा मागोवा घेतला. ही बाळं सरासरी २.७ किलोंची, तर इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनची साडेतीन किलोंची. फरक सगळीकडे सारखा नव्हता. आपल्या बाळांमध्ये स्नायू बरेच कमी होते, पण चरबी त्या मानानं टिकून होती. या कामाची चर्चा मधुमेहाच्या संदर्भात होते. मला त्यात म्हातारपणही दिसतं. स्नायूंचं भांडवलच तोकडं घेऊन जो जन्मतो, त्याला सत्तरीतली झीज लवकर जाणवणार, हा माझा तर्क आहे. पण तो तपासून पाहण्याजोगा आहे.

स्नायूंचा मणक्याशी नेमका काय संबंध, यावर थोडं थांबायला हवं, कारण सगळं इथेच आहे. आपण ‘ताठ कणा’ म्हणतो, तेव्हा तो खांबासारखा स्वतःच्या बळावर उभा असल्याचं चित्र मनात असतं. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी मृतदेहातला अखंड कणा, स्नायू काढून आणि अस्थिबंध तसेच ठेवून, तळाशी घट्ट बसवला आणि वरून भार दिला. सुमारे दोन किलो वजनाखालीच तो एका बाजूला वाकला. आपलं नुसतं डोकंच याच्या दुपटीहून जड असतं. कोकणातल्या शिडाच्या होडीची डोलकाठी जशी चहूबाजूंच्या दोरांनी उभी राहते, तसा कणा स्नायूंच्या ताणावर उभा असतो. दोर सैल पडले की काठी कितीही मजबूत असली तरी कलते. इथे तर काठीही पोखरलेली असते.

पण या दोरांचं एक अवघड गणित आहे. पाठ ताठ ठेवणारे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम पाच सेंटीमीटर मागे असतात. आईनं ओल्या चादरींची दहा किलोंची बादली वाकून उचलली, तेव्हा ती मणक्यापासून सुमारे ४० सेंटीमीटर पुढे होती. तोल सांभाळायचा तर स्नायूंना आठपट, म्हणजे ऐंशी किलोंच्या बळानं ओढावं लागतं, आणि हा सगळा दाब मणक्यावर पडतो. शिवाय वाकलेल्या धडाचं वजन असतंच. बादली पोटाशी घेतली असती तर हेच गणित निम्म्याखाली आलं असतं. १९९९ मध्ये जर्मनीतल्या उल्म इथल्या संशोधकांनी एका निरोगी स्वयंसेवकाच्या कमरेच्या चकतीत दाबमापक बसवून दिवसभराच्या हालचाली नोंदवल्या. नुसतं उभं राहण्याच्या तुलनेत, पाठ गोल करून २० किलोंचं वजन उचलताना चकतीतला दाब साडेचार पटींहून जास्त होता. तेच वजन गुडघे वाकवून, नीट उचललं तेव्हा तो बराच कमी भरला.

म्हणजे मणक्यावरचा सर्वांत मोठा भार स्नायूच टाकतात, आणि त्याला वाचवतातही तेच. दुबळ्या पाठीचा माणूस पुढे झुकतो, झुकला की धडाचं वजन मणक्यापासून दूर जातं, दूर गेलं की थकलेल्या स्नायूंना आणखी ओढावं लागतं आणि मणक्याच्या पुढच्या कडेवर दाब वाढतो. म्हणूनच बहुतेक भंग पाचरीच्या आकाराचे असतात आणि ठराविक ठिकाणी होतात: छातीच्या मध्यावर, जिथे कण्याची वाकण सर्वाधिक असते, आणि छाती-कमरेच्या सांध्यावर, जिथे बरगड्यांचा ताठ भाग संपून हलता भाग सुरू होतो. एक मणका पाचरीसारखा झाला की पाठ आणखी वाकते आणि वरच्या-खालच्या मणक्यांची पाळी येते. आपण पोक निघणं म्हणतो ते हे.

पोकाचा त्रास पाठीपुरता थांबत नाही. बरगड्या खाली उतरून कमरेच्या हाडाला टेकू लागतात. छातीचा भाता आखडतो. पोटाला जागा उरत नाही. चार घास खाल्ले की ‘पोट भरलं’ म्हणून आई ताट सरकवायची, तेव्हा आम्हाला वाटायचं वयानं भूक मेली. भूक होती, अन्नाला जागा नव्हती. आणि कमी खाल्लं की प्रथिनं कमी, प्रथिनं कमी की स्नायू आणखी रोडावतात. हाड आणि स्नायू एकमेकांना असे खाली ओढतात.

मग आधी काय होतं? स्नायू झिजतात म्हणून मणका मोडतो, की मणका मोडल्यावर दुखण्यामुळे हालचाल थांबते आणि स्नायू झिजतात? आढावा घेताना इथे जपून बोलायला हवं. या विषयावर जपान, कोरिया आणि चीनमधून बरंच काम आलं आहे, आणि ताजा भंग झालेल्या वृद्धांमध्ये स्नायूंचं प्रमाण कमी असतं असं त्यांपैकी बऱ्याच अभ्यासांत दिसतं. पण यातले बरेच अभ्यास एका क्षणाचं छायाचित्र काढल्यासारखे आहेत. त्यांतून आधी काय घडलं ते कळत नाही. शिवाय वय, कुपोषण, बैठं आयुष्य, ड जीवनसत्त्वाची कमतरता, आणि दमा किंवा संधिवातासाठी वर्षानुवर्षं घेतलेली स्टेरॉइड हाड आणि स्नायू दोन्ही एकदमच पोखरतात. हाडाला ओढ लागते तिथे ते घट्ट होतं, हे ज्यूलियस वोल्फ यांनी १८९२ मध्येच मांडलं होतं. अंतराळवीरांच्या खुब्यातलं हाड महिन्याला एक ते दीड टक्का कमी होतं, ते भार उतरल्यामुळेच. मला दोन्ही दिशा खऱ्या वाटतात. त्यातली दुसरी दिशा तर आपल्याच हातांनी आपण घडवतो.

आईला तीन आठवडे अंथरुणावर ठेवलं, ती चूक मला अजून टोचते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांना दहा दिवस फक्त झोपवून ठेवलं. त्यांच्या पायांतले सुमारे एक किलो स्नायू गेले. हे निरोगी लोक होते, आणि त्यांना प्रथिनं नियमानं मिळत होती. ज्याचा मणका दुखतोय, जेवण निम्म्यावर आलंय, अशा पंचाहत्तरीच्या माणसाचं काय होत असेल? मणका चेपल्यावर दुखणं भयंकर असू शकतं. पहिले काही दिवस विश्रांती लागतेच. पण वेदनाशामकं व्यवस्थित देऊन, लागला तर पट्टा बांधून, माणसाला आठवड्याच्या आत उठतं करणं हाच उपचार आहे. पट्टाही कायमचा नको. दोरांचं काम त्यानं घेतलं की दोर आणखी सैल पडतात. ‘आता त्यांना काही करू देऊ नका’ हा घरोघरी प्रेमानं दिला जाणारा सल्ला मी सर्वांत घातक मानते.

उठल्यावर करायचं काय? ‘रोज चाला’ असं सगळेच सांगतात. चालणं हृदयाला, साखरेला, मनाला चांगलं. पाठीच्या स्नायूंना ते फारसं काही देत नाही. इथे मेयो क्लिनिकमधल्या डॉ. मेहरशीद सिनाकी यांचं काम बघायला हवं. १९८४ मध्ये त्यांनी अस्थिसुषिरता असलेल्या ५९ स्त्रियांचा मागोवा प्रसिद्ध केला. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात १६ टक्के स्त्रियांच्या मणक्यांत नवे बदल झाले. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात ८९ टक्के. काहीच न करणाऱ्यांत ६७ टक्के. म्हणजे चुकीचा व्यायाम हा व्यायाम न करण्यापेक्षाही वाईट ठरला. गट लहान होते, चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, त्यामुळे टक्केवारीला चिकटून बसू नये. २००२ मध्ये त्यांनी पुढची गोष्ट सांगितली. पन्नास स्त्रियांपैकी २७ जणींनी दोन वर्षं पालथं झोपून, पाठीवर वजनाची पिशवी घेऊन, छाती वर उचलण्याचा व्यायाम केला होता. तो थांबवून आठ वर्षं झाल्यावर पुन्हा तपासलं, तर त्यांच्या ३७८ मणक्यांपैकी ६ चेपलेले होते, इतरांच्या ३२२ पैकी १४. आकडे छोटे आहेत. व्यायामानं मणक्याचे भंग टळतात हे मोठ्या चाचण्यांनी अजून निर्विवाद सिद्ध केलेलं नाही. पण ऐंशी किलोंचं जे गणित वर मांडलं, त्याच दिशेनं हे आकडे बोट दाखवतात.

योगाभ्यासाचा अभिमान असलेल्या आपल्या घरांशी याचा थेट संबंध येतो. सिनाकींनीच २०१३ मध्ये अशा तीन व्यक्तींची नोंद केली, ज्यांना कणा पुढे वाकवणाऱ्या योगासनांनंतर मणक्याचा भंग झाला. सूर्यनमस्कारातलं पुढे झुकणं, पश्चिमोत्तानासन, हलासन ही आसनं तरुणपणी केलेल्या माणसालाही हाडं ठिसूळ झाल्यावर सोडावी लागतात, हे सांगायला वाईट वाटतं, पण सांगायला हवं. याउलट कोपरांवर टेकून केलेलं सौम्य भुजंगासन, एकेक पाय उचलून केलेलं शलभासन ही जवळपास सिनाकींच्याच व्यायामाची रूपं आहेत. जाणकार फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली ती सुरू करता येतात. आसनांइतकंच घरकाम महत्त्वाचं. आखूड केरसुणीनं वाकून केर काढणं, फडक्यानं बसून फरशी पुसणं, विळीवर झुकून तासभर भाजी चिरणं, पाहुणे आले की कमरेतून वाकून नमस्कार करणं यांत दिवसभर मणक्याची पुढची कड दाबली जाते. लांब दांड्याचा झाडू, उंच ओटा, खुब्यातून आणि गुडघ्यांतून वाकण्याची सवय हे औषधाइतकेच खरे उपचार आहेत.

‘या वयात आता काय बळ येणार?’ हा प्रश्न निकालात निघून तीन दशकं झाली. १९९० मध्ये मारिया फियातारोन यांनी बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या सरासरी नव्वद वर्षांच्या दहा जणांना आठ आठवडे वजनं उचलायला लावली. पूर्ण करणाऱ्यांचं पायांचं बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढलं, आणि दोघांनी काठी सोडली. ऑस्ट्रेलियात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हाडांची घनता कमी असलेल्या १०१ स्त्रिया होत्या. त्यांतल्या अर्ध्या गटानं आठ महिने, आठवड्यातून दोनदा अर्धा तास, प्रशिक्षकासमोर बऱ्यापैकी जड वजनं उचलली. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्क्यांनी वाढली; घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्क्यांनी घटली. हे घरी एकट्यानं करून पाहण्याचं काम नाही, आणि नुकताच मणका चेपलेल्यानं तर मुळीच नाही.

औषधांबद्दल थोडक्यात, कारण इथे वाद कमी आहे. मणका चेपला असेल तर टी-स्कोर काहीही असो, हाडांचं औषध हवंच. अलेंड्रोनेटनं १९९६ च्या चाचणीत मणक्याचे नवे भंग जवळजवळ निम्म्यावर आणले. वर्षातून एकदा शिरेतून दिल्या जाणाऱ्या झोलेड्रोनिक आम्लानं २००७ मध्ये ७० टक्क्यांनी कमी केले. रोजच्या टेरिपॅराटाइड इंजेक्शननं २००१ मध्ये ६५ टक्क्यांनी. दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबही तितकंच प्रभावी आहे, पण ते मध्येच सोडलं तर एकापाठोपाठ अनेक मणके चेपू शकतात. तारीख चुकवू नये, आणि थांबवायचं तर डॉक्टरांनी दुसरं औषध सुरू करूनच. स्नायूंसाठी मात्र मान्यताप्राप्त औषध एकही नाही. एका औषधानं चाचणीत मांस वाढवलं, पण माणसांच्या हालचालीत इतरांपेक्षा जास्त सुधारणा झाली नाही.

मणक्यात सिमेंट भरण्याची शस्त्रक्रिया १९८० च्या दशकात फ्रान्समध्ये सुरू झाली आणि वेगानं पसरली. २००९ मध्ये दोन चाचण्यांत तिची तुलना लुटुपुटीच्या शस्त्रक्रियेशी केली, तर दोन्ही गटांचं दुखणं सारखंच कमी झालं. पुढे एका चाचणीत पहिल्या सहा आठवड्यांतल्या तीव्र वेदनेसाठी थोडा फायदा दिसला, दुसरीत दिसला नाही. काही निवडक रुग्णांना तिचा उपयोग होत असेल; पहिला पर्याय म्हणून ती सुचवणं मला पटत नाही. ड जीवनसत्त्वाच्या पुड्यांचंही तसंच. कमतरता असेल तर ती भरून काढायलाच हवी, आणि आपल्याकडे ती खूप आहे. पण ऑस्ट्रेलियात वर्षातून एकदाच पाच लाख युनिट दिलेल्या सत्तरीपुढच्या स्त्रिया इतरांपेक्षा जास्त पडल्या आणि त्यांची हाडं जास्त मोडली. शेजारणीनं सुचवलं म्हणून मोजमापाशिवाय पुड्या घेत राहू नये.

ताटाकडे वळते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनं प्रौढांसाठी दर किलो वजनाला रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत; वृद्धांच्या आहारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २०१३ मध्ये १ ते १.२ ग्रॅम सुचवली, कारण म्हातारे स्नायू तेवढ्याच प्रथिनांतून कमी मांस घडवतात. आईच्या पन्नास किलोंना म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम. तिच्या ताटातलं मी मोजलं: दोन पोळ्या, पातळ वरण, भात, भाजी, दोन कप चहा. सगळं मिळून तीस-पस्तिसाच्या पुढे जाईना. वरण पातळ करणं हा आपल्या घरांचा जुना काटकसरी रिवाज, आणि म्हाताऱ्या माणसासाठी तर ते पचायला हलकं म्हणून मुद्दाम आणखी पातळ करतात. आता तिचं वरण घट्ट असतं, सकाळच्या उपम्याबरोबर अंडं असतं, दुपारी वाटीभर दही, संध्याकाळी मूठभर फुटाणे, आठवड्यातून दोनदा मासे, आणि जेवण तीनऐवजी पाच वेळा थोडं थोडं. कॅल्शियमसाठी नाचणीला तोड नाही. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

एक इशारा राहिला. चेपलेला प्रत्येक मणका ठिसूळपणामुळेच असतो असं नाही. आपल्याकडे कण्याचा क्षयरोग अजून सर्रास आढळतो. त्यात बहुधा शेजारचे दोन मणके आणि मधली चकती एकत्र खराब होतात, बारीक ताप येतो, वजन उतरतं. मायलोमा हा रक्ताचा कर्करोग आणि स्तन किंवा प्रोस्टेटच्या कर्करोगाचा फैलावही मणक्यात दिसू शकतो. रात्री पडून राहिल्यावरही न थांबणारं दुखणं, ताप, घटतं वजन, पायात येणारा अशक्तपणा, लघवीवरचा ताबा सुटणं यांतलं काहीही असेल तर एमआरआय आणि रक्ततपासणी लगेच व्हायला हवी.

आई आज एकोणऐंशीची आहे. तिची पाठ सरळ झाली नाही, होणारही नाही. पण हातांचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठून बसायला तिला आता चौदा सेकंद लागतात. सुरुवातीला तिसऱ्यांदाच ती थांबायची. घरातल्या वडीलधाऱ्यांना आज भिंतीशी, टाचा लावून उभं करा. डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकत नसेल, किंवा तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार सेंटीमीटर कमी भरत असतील, तर कपाटातलं ते खाकी पाकीट बाहेर काढा, बाजूनं काढलेली फिल्म शोधा आणि डॉक्टरांना एवढंच विचारा: यातले मणके कुणी मोजलेत का?